एकाच पेन्सिलीच्या चाळीस रेघा

मोहाडीच्या तहसील कार्यालयासमोर धर्मेंद्र पटलेचं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन अर्ज अशी सगळी कामं तिथं होतात. पण धर्मेंद्रचा जीव असतो काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात. तिथं त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी आहे : ‘पेन, कॅल्क्युलेटर, टॉर्च, प्रिंटर दुरुस्त करून मिळेल.’ सिहोऱ्याची धानाची शेती धाकटा भाऊ भुपेंद्र पाहतो. धर्मेंद्रला लहानपणापासून नाद एकच, वस्तू उघडून पाहायचा. रेडिओ झाला, फवारणीचा पंप झाला, आजोबांचं कानातलं यंत्रसुद्धा झालं. बहुतेक वस्तू पुन्हा चालूही व्हायच्या. त्यामुळे चौतिसाव्या वर्षापर्यंत त्याची अशी खात्रीच होऊन बसली होती, की माणसाने केलेली कुठलीही वस्तू आपल्याला भारी पडणार नाही.

२०२४ चा मे महिना नुकताच लागला होता. सकाळी दुकान उघडून त्याने मशीन गरम करायला लावली, तेवढ्यात एक म्हातारी बाई नातीच्या कोपराला धरून पायरी चढून आली. डोळ्यांवर कडेने बंद असलेला काळा चष्मा. अंगाने बारीक, पाठ मात्र ताठ. नातीने तिला स्टुलावर बसवलं. बाईने कमरेच्या पिशवीतून एक पांढरा रुमाल काढला, काउंटर कुठं आहे ते हाताने चाचपलं आणि रुमाल तिथं उलगडला.

“पेन्सिल दुरुस्त करता का बापू?”

धर्मेंद्र हसला. “मावशी, पेन्सिल कधी बिघडते का? शार्पनर देऊ?”

“ही बिघडते,” बाई म्हणाल्या.

रुमालात एक पितळी पेन्सिल होती. आठ कोनांची, बोटभर लांब, वरचा चांदीचा मुलामा जिथं बोटं टेकतात तिथं पार झिजून गेलेला. आतलं पितळ हळदीसारखं दिसत होतं. कंपनीचं नाव कधीकाळी कोरलेलं असावं; आता नुसती नखाला लागेल एवढी खरखर उरली होती. धर्मेंद्रने ती उचलली आणि हात थोडा खाली गेला. दिसायला एवढीशी, पण वजन चांगलंच होतं.

“टोक फिरवलं का शिसं बाहेर येते,” बाई सांगू लागल्या. “उलटं फिरवलं का आत जाते. आता तोंडात एक तुकडा अडकला हाय. मी सोताच काढत असते. पन डोळ्याचं आपरेशन झालं. दीड महिना बारीक काम करू नोको, वाकू नोको, असं डॉक्टरनं सांगतलं.”

“होऊन जाईन मावशी. उद्या या.”

“आयकून घे पैले. तेल घालू नोको. पक्कड लावू नोको. आन् ओढू नोको.”

“हो हो,” धर्मेंद्र म्हणाला.

नातीने चिठ्ठीवर नाव-पत्ता लिहून दिला. सुमनबाई मेश्राम, सेवानिवृत्त आरेखक. नातीचं नाव प्रतिक्षा; ती भंडाऱ्याला नर्सिंग शिकत होती आणि सुट्टीत आजीच्या डोळ्यात थेंब घालायला आली होती. दोघी गेल्या.

दुपारी गिऱ्हाईक कमी झालं तसा धर्मेंद्र पेन्सिल घेऊन बसला. आधी टोक फिरवून पाहिलं. जागचं हललं नाही. हलकेच ठोकून पाहिलं. काही नाही. मग त्याच्या मनात आलं, एक थेंब तेलाने काय होतं? शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब त्याने सोडला. तेल आत गेलं, शिशाच्या भुकटीत मिसळलं आणि काळा चिखल बाहेर आला. आता टोक फिरत होतं, पण शिसं जागेवरून घसरत होतं. तुकड्याचा केसाएवढा भाग बाहेर दिसत होता. तो त्याने लहान पकडीने धरला आणि ओढला.

‘टक्’ असा आवाज झाला. आवाज फारसा मोठा नव्हता, पण त्याने पक्कड लगेच सोडली.

तुकडा निघाला होता खरा. भिंग लावून त्याने आत पाहिलं. नळीच्या आत शिसं धरून ठेवणारी एक चिमुकली पितळी वाटी होती. तिला मुंगीच्या जबड्याएवढ्या चार पाकळ्या. त्यातली एक पाकळी बाहेर वाकून उभी राहिली होती. आपल्या सगळ्यात बारीक चिमट्याचं टोकसुद्धा त्या पाकळीपुढे कुऱ्हाडीसारखं दिसतं, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने चिमटा खाली ठेवला. वस्तू उघडायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्याने हत्यार खाली ठेवलं होतं.

‘मावशी, जुनी वस्तू, आता संपली’ एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. नवी पेन्सिल भेट म्हणून देता आली असती; दुकानात डबाभर होत्या. पण पाकळी आपणच वाकवली, तेही तीनदा बजावल्यावर, हे काही त्याला गिळता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडताच तो पत्ता विचारत सुमनबाईंच्या घरी गेला.

घर दोन खोल्यांचं, पुढे ओसरी. ओसरीच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याशेजारी लाकडी ड्रॉइंग बोर्ड उभा करून ठेवलेला. सुमनबाई खुर्चीत बसल्या होत्या. धर्मेंद्रने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. तेल घातलं, पक्कड लावली, ओढलं.

प्रतिक्षा भडकली. “आजीनं तिनी गोष्टी सांगतल्या होत्या ना तुमाले? एकबी नाई आयकली?”

धर्मेंद्रला वाटलं, आता सुमनबाई रडतील. पण त्यांनी विचारलं, “पाकळी तुटली का वाकली?”

“वाकली.”

“एकच?”

“एकच, मावशी.”

“मंग बस. हात धुवून ये साबणानं. प्रतिक्षा, तुया पेटीतलं स्पिरिट आन कापूस आन. आन् माहा डबा.”

“आजी! डॉक्टरनं काय सांगतलं?”

“पाहू नोको म्हणून सांगतलं. पाहून कोन राहिलं?”

आणि मग जे झालं ते धर्मेंद्र अजूनही दुकानात येणाऱ्या ओळखीच्या माणसांना सांगतो.

सुमनबाईंनी मांडीवर स्टीलचं ताट घेतलं, ताटात रुमाल पसरला, काळा चष्मा तसाच ठेवला आणि मान सरळ ठेवून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून पेन्सिल उघडायला लागल्या. टोपी निघाली. बाहेरची नळी निघाली. आतली पेचाची नळी निघाली, त्यातून काडी निघाली. प्रत्येक तुकडा त्या रुमालावर एका ओळीत, ठरल्या जागी ठेवत होत्या. हात कुठेही अडखळत नव्हता. विहिरीवर रोज जाणाऱ्या माणसाचा पाय अंधारातही पायरी चुकत नाही, तसं ते चाललं होतं. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने त्यांनी एकेक तुकडा आतून पुसला. पाच कापूस काळे झाले, सहावा करडा, आठवा पांढरा निघाला. पांढरा निघाल्याचं त्यांना कसं कळलं, असं धर्मेंद्रने विचारलं.

“तेल असलं का कापूस घसरते. आता आवाज करून राहिला. आयक.”

धर्मेंद्रने कान जवळ नेला. खरंच, कोरडा, अगदी बारीक आवाज येत होता.

मग त्यांनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली, सरळ केली आणि पाकळ्यांच्या मधोमध घातली. पांढऱ्या दोऱ्याचे वेढे पाकळ्यांभोवती देत गेल्या, सैल, मग थोडा घट्ट, मग अजून घट्ट. चारही बाजूंनी सारखा दाब बसला आणि वाकलेली पाकळी इतर तिघींच्या रांगेत आली. दोरा सोडल्यावर त्यांनी ती वाटी उचलली आणि खालच्या ओठाला लावून हळूच फिरवली.

“बोटाले जे कळत नाई ते ओठाले कळते,” त्या म्हणाल्या. “जरा वर हाय अजून.” पुन्हा दोरा, पुन्हा ओठ. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा त्या हसल्या. “आता बसली.”

सगळे तुकडे परत एकात एक गेले. पेन्सिल कानाशी धरून त्यांनी टोक फिरवलं आणि ओठातल्या ओठात मोजलं. “अकरा फेरे. पैले बी अकराच होते.”

धर्मेंद्रने पेन्सिलीकडे वाकून पाहिलं. आपण भिंग, चिमटा, टेबललॅम्प घेऊन जे करायला धजलो नाही, ते या बाईने भिंतीकडे तोंड करून केलं. लाज तर वाटलीच होती. पण आता लाजेपेक्षा काहीतरी मोठं मनात भरून आलं होतं.

“आता शिसं,” सुमनबाई म्हणाल्या.

“माह्या दुकानात आहे मावशी, पॉइंट फाइव्ह, पॉइंट सेव्हन, नाइन...”

“त्यातलं कोनतंच चालत नाई. हिच्या मापाचं शिसं आता भेटत नाई. मी पयल्यांदा शोधलं तेव्हाच नागपुरात भेटलं नाई, त्याले पन्नास वर्ष झाले.”

डब्यातून त्यांनी एक जाड शिसं काढलं, ड्राफ्ट्समनच्या पेन्सिलीत घालतात ते, दोन मिलिमीटरचं, टू-एच. एक काचेचा तुकडा, त्यावर चिकटवलेला अगदी बारीक पॉलिश पेपर. शिसं कागदावर ठेवून तीन बोटांनी पुढे-मागे लाटायला सुरुवात केली. पोळी लाटताना असतो तेवढाही दाब नव्हता. दहा-बारा वेळा लाटायचं, बोटांनी चाचपायचं, फिरवायचं, पुन्हा लाटायचं. अर्धा तास गेला. अधूनमधून एका पितळी पट्टीला पाडलेल्या भोकात त्या शिसं घालून पाहत. जाड असलं की अडायचं. जाड शिसं बळाने घातलं तर पाकळ्या फाकतात, पातळ घातलं तर डगमगतं, असं त्यांनी सांगितलं. शेवटी शिसं भोकातून किंचित अंग चोरत पार झालं. पेन्सिलीच्या टोकातून त्यांनी ते आत सरकवलं, टोक फिरवलं. काळा ठिपका बाहेर आला आणि तिथेच थांबला.

“घे. करून पाय तू बी एक.”

धर्मेंद्रने केलं. पहिलं मोडलं. दुसरं मोडलं. तिसरं एका टोकाला बारीक, एका टोकाला जाड झालं.

“मले पैलं जमलं तवा चार महिने लागले होते,” सुमनबाई म्हणाल्या. हे सांत्वन होतं की इशारा, ते त्याला कळलं नाही.

चहा आला. चहा पिताना त्यांनी पेन्सिलीची हकीगत सांगितली. त्यांचे वडील यादोराव मोजणीच्या पार्टीत खलाशी, म्हणजे साहेबांच्या हाताखालचे मदतनीस, होते. एकोणीसशे साठच्या आसपास या भागात तलाव-कालव्यांची मोजणी चालली होती, तेव्हा लाल-पांढरा दांडा घेऊन उन्हात उभं राहायचं त्यांचं काम. साहेब दुर्बिणीतून पाहायचे आणि दांडा जरा हलला की ओरडायचे. यादोरावांचा दांडा हलायचा नाही. गांधीलमाशी चावली तरी हलला नाही, असं ते सांगत. पार्टी उठली तेव्हा मद्रासकडच्या त्या साहेबांनी आपल्या खिशातली पेन्सिल काढून यादोरावांना दिली. यादोरावांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी पेन्सिल कापडात गुंडाळून पेटीत ठेवली. बायकोने विचारलं, कायले ठेवता? तर म्हणाले, कोनीतरी लिहीन घरातलं.

“चौऱ्याहत्तरात माही ऑर्डर आली, अनुरेखक म्हणून, भंडाऱ्याच्या ऑफिसात. मोठ्या साहेबांचे नकाशे पातळ कागदावर उतरून काढाचे, ते काम. त्या दिवशी बाबानं पेटी उघडली. पेन्सिल हाती देली. आतमधी शिसंच नव्हतं.”

“मंग तुमी ऑफिसात हिनंच काम केलं?”

“ऑफिसात शाई असते. हिचं काम येगळं हाय.” त्या नातीकडे वळल्या. “प्रतिक्षा, नळी आन बरं.”

प्रतिक्षाने आतून पत्र्याची एक लांब नळी आणली, झाकण काढून ट्रेसिंग पेपरची गुंडाळी बाहेर ओढली. दहा-दहा कागदांच्या चार जुड्या होत्या, प्रत्येक जुडी कोपऱ्यात दोऱ्याने शिवलेली. वरच्या कागदावर एक वेडावाकडा, मिटलेल्या मुठीसारखा आकार होता. भोवती सोळा ठिपके, त्यांना आकडे. खाली स्वच्छ अक्षरात : ‘खैरबोडी तलाव. १५ मे १९८४. प्रमाण १ : १०००.’

दुसऱ्या कागदावर तोच आकार, १५ मे १९८५. तिसऱ्यावर १९८६.

धर्मेंद्र पानं उलटत गेला. सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद. एकही वर्ष सुटलेलं नव्हतं. दोन हजार वीसच्या कागदावर कडेला लिहिलं होतं : ‘रस्ता बंद. शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने गेले.’ शेवटचा कागद १५ मे २०२३ चा. चाळीस वर्षं, चाळीस कागद.

“दाराच्या उजेडात धर,” सुमनबाई म्हणाल्या. “जुडी तशीच धर. येगळी करू नोको.”

त्याने पहिली जुडी दारात उभी धरली. मे महिन्याचं ऊन कागदातून आरपार आलं आणि दहाही रेघा एकदम दिसल्या. धानाच्या बांध्या, बांध घातलेली छोटी शेतं, एकाखाली एक उतरत जाव्यात तशा त्या रेघा एकात एक उतरत गेल्या होत्या. कुठे दोन रेघा एकमेकींना चिकटून चालत, कुठे फाकत, ईशान्येच्या कोपऱ्यात तर सगळ्याच हळूहळू आत सरकत. पण जाडी मात्र दहाही रेघांची एकच. केसाएवढासुद्धा फरक नाही. दहा वर्षांतल्या दहा दिवसांच्या रेघा आहेत असं वाटतच नव्हतं; एका बैठकीत, एका श्वासात काढल्यासारख्या होत्या. दुसरी जुडी धरली, तिसरी धरली, चौथी. तीच रेघ.

या बाईने चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात शिसं लाटलं होतं, पाकळ्या पुसल्या होत्या, आणि हात बदलू दिला नव्हता.

“साध्या पेन्सिलीनं नसती का आली?” त्याने विचारलं, पण आवाज हळू झाला होता.

“आली असती. पन साध्या पेन्सिलीले दाबा लागते. दाब रोज सारखा कुठून आनू? माणूस एखाद दिवशी रागात असते, एखाद दिवशी दमून असते. हिले दाबाच लागत नाई. हिचं वजनच रेघ ओढते. मी फक्त संग जाते.”

धर्मेंद्रची नजर एका कागदावर अडली. सगळीकडे १५ मे, आणि इथे १७ मे १९९७. कडेला लहान अक्षरात : ‘दोन दिवस उशीर. कारण घरगुती.’

“ह्या वर्षी काय झालं होतं मावशी?”

“पंधरा तारखेले हे गेले,” सुमनबाई म्हणाल्या. “अचानक. हार्टचं.”

धर्मेंद्रने ती रेघ पाहिली, मग शहाण्णवची, अठ्ठ्याण्णवची. तिसऱ्या दिवशीची ती रेघ, आणि तीसुद्धा तेवढीच बारीक, तेवढीच स्थिर. त्याने कागद दोन्ही हातांनी खाली ठेवला.

“ह्या साली राहून जाईन,” प्रतिक्षा म्हणाली. “पंधराले माहा पेपर हाय भंडाऱ्याले. आजीले एकटीले मी जाऊ देत नाई.”

“मी नेतो,” धर्मेंद्र म्हणाला. विचार करायच्या आधीच बोलून गेला. “मावशीनं सावलीत बसाचं. मोजतो मी.”

सुमनबाईंनी मान त्याच्याकडे वळवली. काळ्या चष्म्यातून त्यांना काय दिसत होतं कोण जाणे.

“आयकशीन का या टायमाले?”

“आयकीन.”

पंधरा मेला सकाळी सहालाच तो ओळखीच्या ऑटोवाल्याला घेऊन आला. खैरबोडी मोहाडीपासून सहा-सात किलोमीटर. गावाच्या वर जुनी पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, पाळीवर मोहाची झाडं, खाली तलाव. उन्हाळ्याचं पाणी तळाशी गेलेलं, काठाने चिखल वाळून फुटलेला, त्यात आपोआप उगवणाऱ्या देवधानाचे वाळके बुडखे. सुमनबाई मोहाखाली खुर्ची टाकून बसल्या आणि हातातल्या काठीने दिशा दाखवत सांगू लागल्या. तलावाभोवती सोळा दगड होते. चौऱ्याऐंशी साली यादोरावांनी स्वतः पुरलेले, प्रत्येकावर छिन्नीने त्याच्या नंबराएवढ्या खाचा. पाणी सोडायचं तुडूम पाळीच्या मधोमध, त्याचा दगडी खांब सगळीकडून दिसतो. दगडाला फितीचं टोक अडकवायचं, खांबाकडे तोंड करून सरळ चालायचं, पाण्याला पाय लागला की थांबायचं, आकडा ओरडून सांगायचा.

पहिल्या दगडापाशीच धर्मेंद्रला कळलं की सरळ चालणं सोपं नाही. चिखलाला चुकवावं वाटतं, काट्याला वळसा घ्यावासा वाटतो. “खांब पाय, पाय पाहू नोको!” सुमनबाई ओरडायच्या. त्यांना नीट दिसत नव्हतं. त्याच्या पावलांच्या आवाजावरून तो तिरपा चाललाय हे त्यांना कळत होतं.

सोळा दगडांना अडीच तास लागले. तो घामाने निथळत मोहाखाली येऊन बसला, तेव्हा त्याने विचारलं, “मावशी, हे सुरू काहून केलं?”

सुमनबाईंनी काठीने पाळीच्या खालच्या बाजूला दाखवलं. “ते शेवटच्या बांध्या दिसतात का? पाट जिथं सरते तिथल्या? त्या आमच्या टोलीतल्या, आमच्या वस्तीच्या. तिथवर पानी कधी पोचे नाई. त्र्याऐंशीत मी सुट्टीवर आली होती, तवा गावात सभा भरली. मोठे लोक म्हणत, तलावच एवढुसा, तुमच्यापर्यंत पानी पुरन कसं? मी मागं बाया होत्या तिथं बसली होती. म्या विचारलं, केवढुसा? कोनालेच सांगता ये नाई. पुढच्या उन्हाळ्यात बाबाले घेऊन आली आन् मोजला.”

“मंग?”

“तीन सालाचे तीन कागद घेऊन सभेत गेली. चटईवर पसरले. म्हटलं, मेच्या ऐन उन्हात बी एवढं पानी उरते, मंग धानाच्या टायमाले पुरत कसं नाई? मंग गोमाजी पाटील होते, ते खाली वाकून पाहत राहिले बराच टाइम. म्हणाले, पोरीनं खरं मोजलं. सत्त्याऐंशीत पाटाचं पानी शेवटच्या बांधीत गेलं. बाबा त्या बांधीत रात होईपर्यंत उभे होते, घोट्याएवढ्या पान्यात.”

“काम तं झालं होतं. मंग थांबल्या काहून नाई?”

सुमनबाई हसल्या. हसल्यावर त्यांचं वय एकदम कमी व्हायचं. “मले मंग पाहाचंच होतं बापू, थो तलाव पुढं काय करते ते.”

घरी येऊन त्यांनी ड्रॉइंग बोर्ड खाली घेतला. खाली दगडांपासून खांबाकडे जाणाऱ्या सोळा रेषांचा मूळ नकाशा, त्यावर कोरा ट्रेसिंग पेपर, चार कोपऱ्यांना टेप. सोळा आकडे सोळा रेषांवर पट्टीने मांडायला धर्मेंद्रला अर्धा तास लागला. मग सुमनबाईंनी ती पितळी पेन्सिल त्याच्या हातात दिली.

“दाबू नोको. जास्त धरू बी नोको. तिले जाऊ दे.”

त्याने टोक टेकवलं. हात थरथरत होता. पण पेन्सिल जड होती, आणि त्या जडपणाने थरथर आपोआप आत विरून गेली. रेघ निघाली. एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे. आपण काढतोय असं त्याला वाटलंच नाही. सकाळी ज्या चिखलातून चालला होता तो काठच कागदावरून सरकत होता. शेवटचा ठिपका पहिल्याला मिळाला तेव्हा त्याने टोक उचललं.

“सांग,” सुमनबाई म्हणाल्या. “कशी गेली?”

त्या पाहू शकत नव्हत्या म्हणून त्याने सांगितलं. पश्चिमेला पाळीला लागून सरळ, मग तुडमापाशी थोडा पोटात, उत्तरेला मोठा वळसा. सुमनबाई चष्मा लावून बसल्या होत्या आणि उजव्या हाताची तर्जनी हवेत तसतशी फिरत होती. एके ठिकाणी तो अडखळला तर त्यांचं बोट त्याच्या आधी पुढे गेलं. चाळीस वर्षांचा तलाव त्यांच्या बोटातच होता.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात प्रतिक्षाचा फोन आला. आजीचा चष्मा सुटला होता, आजीने बोलावलं होतं. धर्मेंद्र दुकान अर्ध्यावर टाकून गेला. सुमनबाई ओसरीत दारापाशी बसल्या होत्या, मांडीवर तो एकेचाळिसावा कागद, त्याखाली गेल्या दहा वर्षांची जुडी. ऊन असेल तिकडे वळवून त्या भिंगातून पाहत होत्या. पहिल्यांदाच त्याला त्यांचे डोळे दिसले, पिंगट, आणि फार तेज.

तो समोर बसून राहिला. दहावी-बारावीच्या निकालाची वाट पाहावी तसा.

“रेघ चांगली हाय,” शेवटी त्या म्हणाल्या. “माह्यापेक्षा थोडी भित्री हाय, पन चांगली हाय.” मग भिंग एका जागी थांबलं. “सातव्या दगडापाशी तू थांबला. पानी अजून पुढं होतं.”

धर्मेंद्र चपापला. ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती, ऑटोवाल्यालाही नाही.

“तुमाले कसं कळलं?”

“बाकीच्या साऱ्या रेघा इथं आत जातात. हीच एक बाहेर थांबली. दोन मीटर कमी हाय.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “काय होतं तिथं?”

“धामण होती मावशी. ही एवढी. देवधानात पडून होती. मी तिथूनच आकडा ओरडला.”

प्रतिक्षा खोखो हसली. सुमनबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल उचलली, टोक अर्धा फेरा फिरवलं आणि सातव्या ठिपक्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलं : ‘अंदाजे २ मी. कमी. धामण.’ खोडरबर डब्यातच राहिलं.

“पुढच्या साली तिले जाऊ दे आधी,” त्या म्हणाल्या, “मंग मोज.”